चौदा नंबरचं लूम

फत्तेसिंहरावांनी हॉर्न तीनदा दाबला आणि नयना वळली नाही. त्यांनी ब्रेक मारला तेव्हा फोर्कलिफ्टचं पातं तिच्या पोटरीपासून वीतभर लांब होतं. वरचा कापडाचा रोल घसरून फरशीवर आपटला. तो हादरा तळपायांत आला तेव्हा कुठं तिनं मान वळवली. दातांत छोटी कात्री, बोटांत तुटलेली प्लास्टिकची पट्टी, कपाळावरचा घाम भुवईत उतरलेला. समोर फत्तेसिंहराव स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, मिशा पांढऱ्या झालेल्या, आणि ओठ रडवेले. "मेली असतीस," एवढं तिनं त्या ओठांवरून उचललं.

मग त्यांनी फोर्कलिफ्ट तिथंच सोडली आणि ते सरळ ऑफिसात गेले.

हरणीच्या पुढं हालोल रोडला लागलं, की जरोदच्या अलीकडं शेतांच्या मधोमध पत्र्याच्या तीन लांब शेड दिसतात. खत, मीठ, सिमेंट भरायच्या मोठमोठ्या पोत्यांचं कापड तिथं विणतात. मधल्या शेडमध्ये चोवीस लूम. गोल, माणसाच्या दुप्पट उंच. मधोमध शटल गरागरा फिरतात आणि दोन्ही बाजूंच्या शेकडो बॉबिनींवरून पांढऱ्या पट्ट्या आत ओढल्या जातात. एक पट्टी तुटली तरी लूम आपोआप थांबतं, वर लाल दिवा लागतो. बाईनं तुटकं टोक शोधायचं, गाठ मारायची, ओवायचं, हिरवं बटण दाबायचं. नयना अकरा वर्षं चौदा नंबरच्या लूमवर हेच करत होती.

पहिल्या वर्षी कामाची पाळी सुटल्यावर कानात रातकिडा ओरडायचा आणि जेवण होईतो गप्प व्हायचा. तिसऱ्या वर्षापासून तो झोपेपर्यंत ओरडायला लागला. पुढं तो गेलाच नाही. त्याच्या बदल्यात एकेक आवाज जायला लागला. आधी कुकरची शिट्टी गेली. मग फोनची घंटी. मग सासूचं बोलणं गेलं, त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. मग एकदा तिची मुलगी संपदा दारातून काहीतरी सांगत आली, आणि नयनाला नुसतं तिचं उघडणारं-मिटणारं तोंड दिसलं. त्या दिवशी ती न्हाणीत जाऊन बसली होती.

लूमवर मात्र तिचं काही अडत नव्हतं. चोवीस लूम चालू असताना तिथं कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळ्या बाया ओठांवरून, हातवाऱ्यांवरून बोलतात. कुणाची सासू काय म्हणाली, कुणाची पाळी चुकली, सगळं. चार लूम पलीकडची उषा नुसत्या भुवया उडवून तिला अख्खी हकिगत सांगायची.

थोड्या वेळानं तिला ऑफिसात बोलावलं. आत एसी होता. घामानं चिकटलेलं पोलकं एकदम गार पडलं आणि तिच्या पाठीवर काटा आला.

"बेसो, नयनाबेन, बेसो," पीयूषभाई म्हणाले. ते प्रॉडक्शन मॅनेजर. मराठी समजायचं, बोलताना गुजरातीवर घसरायचे. पण पुढचं ते तिच्याशी बोललेच नाहीत. शेजारी उभ्या सुपरवायझर संजीवकडं वळून म्हणाले, "एने कही दे, हिला सांग."

संजीव वाकून तिच्या कानाशी ओरडला. तिनं हात वर केला.

"ओरडू नका, संजीवभाऊ. ओरडलं की तोंड वाकडं होतं, मग मला काहीच कळत नाही. समोर उभं राहून साधं बोला."

संजीवनं साहेबांकडं पाहिलं. साहेब हसले, आणि मग दोघं मिळून हळूहळू, पहिलीतल्या पोराला शिकवतात तसं तोंड मोठं करून बोलायला लागले. लूम बंद. उद्यापासून वेस्टेज गोडाऊन. बसून काम. पगारात फरक नाही.

"तमारी सेफ्टी माटे छे, बेन. तुमच्या सेफ्टीसाठीच. आज काही झालं असतं तर? तुमच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवणार?"

"फेब्रुवारीत गाडी आली होती कान तपासायला," नयना म्हणाली. "आम्हाला सगळ्यांना हेडफोन घालून बसवलं. त्याचा कागद आम्हाला दिला नाही. माझ्या कागदावर काय आलंय?"

"ते कॉन्फिडेन्शियल असतं."

हा शब्द तिनं दोनदा वदवून घेतला तेव्हा कळला.

"माझे कान. माझ्यापासून कॉन्फिडेन्शियल?"

पीयूषभाईंनी फोन उचलला. तो वाजला होता की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

वेस्टेज गोडाऊन म्हणजे तिसऱ्या शेडच्या मागं काढलेला पत्र्याचा आडोसा. बाहेर मे महिना. दहा वाजताच पत्रा असा तापायचा की वर बसलेला कावळा लगेच उडायचा. आत तुटक्या पट्ट्यांचे डोंगर. पांढऱ्या वेगळ्या काढायच्या, रंगीत वेगळ्या, तेल लागलेल्या वेगळ्या. पट्टीची कड ब्लेडसारखी. दुपारपर्यंत बोटांच्या पेरांवर बारीक लाल रेघा उठायच्या आणि घामानं चुरचुरायच्या. पंखा होता, तो नुसता गरम हवा ढवळायचा. पाण्याचा माठ पार दुसऱ्या टोकाला.

उकाड्याचं तिला काही नव्हतं. गावाकडं, नंदुरबारच्या बाजूला, तिनं मिरचीच्या खळ्यावर यापेक्षा वाईट ऊन काढलं होतं. पण इथं समोर कुणाचं तोंडच नव्हतं. आठ तासांत एकही ओठ हलताना दिसायचा नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आपण पट्ट्यांशी बोलतोय, आणि तेही नुसते ओठ हलवून.

कंपनीपासून अर्ध्या कोसावर गावाच्या शिवेला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा वामन पटेलांच्या शेतात भागानं भेंडी करायचा. रोज पहाटे पाळीला जायच्या आधी नयना दोन ओळी तोडून द्यायची. हातांना जुने मोजे घातले तरी भेंडीची लव मनगटांवर चढायची, आणि मग दिवसभर खाज.

"बसून काम दिलंय तर बस ना," वामन बांधावर क्रेट बांधता बांधता म्हणाला. तो तिच्याशी बोलताना वर बघायचा, एवढं त्याचं चांगलं होतं. "बायका तरसतात बसून कामाला. पाय दुखतात म्हणून तूच रडायचीस."

"पाय दुखायचे ते माझ्या लूमवर दुखायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला उद्या पटेल म्हणाले, वामन, तू शेतात येऊ नकोस, गोठ्यामागं बसून रिकामी पोती झटक, तर झटकशील?"

 वामननं क्रेटची दोरी उगाच पुन्हा सोडून बांधली.

संध्याकाळी दिवेलागणीला सगळे जेवायला बसले. सासू इंदिराबाई, संपदा, वामन. संपदा काहीतरी सांगत होती; तिला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं, त्याचा फॉर्म आला होता बहुतेक. बोलता बोलता ती आजीकडं वळली आणि नयनाच्या हातून धागा सुटला. इंदिराबाई खळखळून हसल्या. वामनही हसला.

"काय झालं?" नयनानं विचारलं.

"काही नाही, मम्मी."

"काय म्हणालीस आत्ता?"

"अगं काही नाही. असंच."

नयनानं भाकरी ताटात ठेवली. मग ताट पुढं सरकवलं. इंदिराबाईंचा घास हातातच राहिला.

"काही नाही, काही नाही," ती म्हणाली. "गेली दोन वर्षं या घरात मी काही नाहीच ऐकतेय. हसलात कशाला? मला सांग. नीट माझ्याकडं तोंड करून सांग. फालतू असेल तरी सांग. फालतू आहे की नाही ते माझं मी ठरवीन."

संपदाचा चेहरा उतरला. ती उठून आईसमोर येऊन बसली, मांडीला मांडी लावून, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "फॉर्मवर विचारलं होतं, हॉबी काय. मी लिहिलं भेंडी. आजी म्हणाली, लिही, खाज फुकट."

ते खरंच फालतू होतं. नयना हसली, मग तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा इंदिराबाईंनी आपल्या ताटातली चटणी तिच्या ताटात वाढली. त्या दिवसापासून त्या सुनेशी बोलताना तिच्या हनुवटीला धरून तोंड आपल्याकडं वळवायला लागल्या. कधी कधी शिव्या द्यायलाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नयनानं उषाला गेटजवळच्या कडुनिंबाखाली गाठलं. उषा दहा नंबरच्या लूमवर, तिच्याच वयाची. तिच्याबरोबर नवीन लागलेली कोमल होती, बावीसची, लग्न ठरलेलं.

"फेब्रुवारीतला कागद तुला मिळाला?"

"कुणालाच नाही," उषा म्हणाली.

"मागू या. सगळ्या मिळून."

उषानं आधी मागं वळून पाहिलं. मग डब्याचं झाकण लावलं. "नयना, तुझं कळलं म्हणून तुला गोडाऊनात टाकलं. उद्या माझं कळलं तर? मला डाव्या बाजूनं..." ती थांबली. कोमल ऐकत होती. उषानं नुसते ओठ हलवले, आवाज न करता. "डाव्या बाजूनं काही येत नाही. वर्ष झालं."

"मग?"

"मग काय मग? गप्प राहायचं. तूही राहा."

नयनानं तिला दोष दिला नाही. तीही दोन वर्षं अशीच गप्प राहिली होती. कुणी पाठीमागून बोलत असेल या भीतीनं सारखी मान वळवत, कळलं नाही तरी हसत, हो-हो करत. फोर्कलिफ्टच्या पात्यानं ते सगळं एका दिवसात उघडं केलं. एका अर्थी बरं झालं, असं तिला आता वाटत होतं. लपवायचं काम सुटलं होतं. आता ते हात दुसऱ्या कामाला मोकळे होते.

सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. ती फत्तेसिंहरावांकडं गेली. ते चार्जिंगला लावलेल्या फोर्कलिफ्टच्या सावलीत तंबाखू मळत होते. तिला पाहून त्यांचा हात थांबला.

"मी तुझ्या वाईटावर नव्हतो, पोरी," ते म्हणाले.

"मला माहीत आहे. पण ऑफिसात जायच्या आधी माझ्याशी बोलायचं होतंत."

त्यांनी तंबाखू झटकून टाकली. मग सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात त्यांच्या गाडीखाली एका माणसाचा पाय गेला होता. चाळीस वर्षांचा माणूस, पाहता पाहता. चूक कुणाची तेही ठरलं नाही. "तुझी पोटरी बघितली आणि मला तोच पाय दिसला. माझ्यानं पुन्हा तेवढं नाही व्हायचं."

"हॉर्न मला ऐकू येत नाही. दिवा दिसतो," नयना म्हणाली. "तुमच्या गाडीवर वर तो निळा दिवा आहे ना?"

"बंद आहे. वर्ष झालं. हॉर्नचाही आवाज बसलाय. दोन अर्ज दिले, संजीवकडं विचार."

"मग बॅटरी आणा घरून. गल्लीत शिरायच्या आधी माझ्या लूमच्या खांबावर उजेड मारा. मी हात वर करीन. हात वर झाला की या."

फत्तेसिंहरावांनी मान डोलावली. "पण तू लूमवर आहेस कुठं?"

"असेन," ती म्हणाली. कशी, हे तिलाही माहीत नव्हतं.

ते कंपनीनंच जमवून आणलं. त्या आठवड्यात माल घेणारी परदेशातली पार्टी ऑडिटला यायची होती. शेडची सफाई झाली, शौचालयाला दार बसलं, भिंतींवर फलक लागले. आदल्या दिवशी दुपारी दीप्ती गोडाऊनात आली. ही ऑफिसात माणसांचं बघायची. शहरात घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतलं जुनं मराठी घर, बोलणं स्वच्छ, कपाळावर बारीक टिकली. पत्र्याखाली येताच तिनं रुमाल काढला.

"नयनाताई, उद्या तुम्ही चौदा नंबरवर उभ्या राहायचं. हा नवा ॲप्रन. पार्टीला दाखवायचंय की आपल्याकडं दिव्यांगांना सामावून घेतात. तुम्ही आमच्यासाठी प्रेरणा आहात."

"उद्यापासून लूमवर?"

"उद्या," दीप्ती म्हणाली, आणि रुमालानं मान पुसायला लागली.

सकाळी नयनानं हिरवं बटण दाबलं तेव्हा धडधड तळपायांतून गुडघ्यांत, तिथून बरगड्यांत चढली. तेरा दिवसांनी. तिनं खांबावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. चार पाहुणे आले, मोठाले इअरमफ लावून. त्यांच्या कानांवर ते होते, चोवीस बायांपैकी एकीच्याही नव्हते. दीप्तीनं काहीतरी सांगितलं, पाहुण्यांनी तिच्याकडं बघून अंगठे वर केले, फोटो काढला. नयना हसली नाही. लाल दिवा लागला होता, ती गाठ मारत होती.

त्या पाळीत फोर्कलिफ्ट सात वेळा तिच्या मागून गेली. सातही वेळा खांबावर पांढरा उजेड पडला, सातही वेळा तिनं हात वर केला.

संध्याकाळी पाहुण्यांच्या गाड्या गेटबाहेर पडल्या आणि संजीव तिच्यासमोर येऊन उभा राहिला. बिचारा आता साधं बोलायला शिकला होता. "उद्यापासून परत गोडाऊन. साहेबांनी सांगितलंय. आणि ॲप्रन जमा कर."

तिनं ॲप्रन काढून, घडी करून त्याच्या हातात दिला. 

दुसऱ्या दिवशी ती पाऊण तास आधी आली. शेडमध्ये कुणी नव्हतं. तिनं पदर खोचला, बॉबिनी भरल्या, शटल पुसले, आणि पाळीची माणसं आत यायच्या आधी चौदा नंबर चालू करून त्याच्यासमोर उभी राहिली. कोमलला त्या लूमवर पाठवलं होतं. ती आली, बघितलं आणि घुटमळली.

"ताई, मी काय करू?"

"तू तुझं ठरव. मी हलणार नाही."

कोमल भिंतीला टेकून उभी राहिली. संजीव आला, हातवारे करून गेला. मग पीयूषभाई आले. तोवर सगळी लूम चालू झाली होती. पीयूषभाई जोरानं काहीतरी बोलले. नयनाला ओठांवरून सगळं कळलं. तिनं उत्तर दिलं. पीयूषभाईंनी कान पुढं केला. "हं? शूं?" तिनं पुन्हा सांगितलं. त्यांना पुन्हा कळलं नाही. त्या शेडमध्ये ऑफिसातून आलेला माणूसच बहिरा होता. शेवटी संजीव मध्ये उभा राहून तिचे ओठ वाचून त्यांच्या कानात ओरडून सांगायला लागला.

"काल संध्याकाळी सांगितलं होतं ने, गोडाऊनमध्ये जायचं?"

"परवा सांगितलं लूमवर या. काल सांगितलं जा. एका दिवसासाठी माझे कान बरे झाले होते का, साहेब?"

"ते पार्टी माटे होतं."

"पार्टीसमोर फोर्कलिफ्ट सात वेळा माझ्यामागून गेली. मी मोजलंय. तेव्हा सेफ्टी कुठं होती?"

पीयूषभाईंनी संजीवला खूण केली. संजीवनं मान खाली घालून मागच्या खांबावरचा स्विच पाडला. चौदा नंबर थांबलं. नयनाच्या पायाखालची धडधड तेवढ्या भागात मंद झाली. ती जागची हलली नाही. गेटवरची वॉचमन बाई बोलावली गेली. ती आली, नयनाच्या दंडाला हात लावला. नयनानं तिच्याकडं नुसतं पाहिलं. तिनं हात काढून घेतला आणि संजीवला म्हणाली, "बाईला बाई ओढत नेते का कुठं? माझं काम गेटवर आहे."

"कान घरून आणले तेव्हा धड होते," नयना म्हणाली. संजीव सांगत गेला. "इथं गेले. या लूमवर गेले. लूमनं कान घेतले आणि आता तुम्ही लूम घेताय. माझ्याकडं राहिलं काय?"

"बेन, हॉर्न ऐकू येत नाही हे खरं की नाही?"

"खरं. मग फत्तेसिंहरावांना सांगा, आत्ता हॉर्न वाजवायला. ज्याला ऐकू येईल तो लूमवर राहील. ज्याला येणार नाही त्यानं माझ्याबरोबर गोडाऊनात यायचं."

"नाटक नको."

"नाटक काल झालं."

संजीवनं हे वाक्य सांगितलं की नाही कुणास ठाऊक, पण पीयूषभाईंचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या फोर्कलिफ्टकडं हात केला. "वगाडो, वाजवा!" आणि छातीवर हाताची घडी घालून, लूमच्या रांगेकडं तोंड करून ते उभे राहिले.

फोर्कलिफ्ट त्यांच्या पाठीमागं वीस पावलांवर होती. फत्तेसिंहराव नयनाला समोर दिसत होते. त्यांनी अंगठा हॉर्नवर ठेवला आणि दाबला. दाबून धरला. नयना रांगेकडं बघत होती. उषा गाठ मारत होती. तिच्या पुढची बाई रोल कापत होती. भिंतीला टेकलेली कोमल, जिचे कान अजून कोवळे होते, ती नखं कुरतडत होती. एकही मान वळली नाही. संजीव मानेवरचा घाम पुसत होता.

पीयूषभाईंनी वाट पाहिली. मग वैतागून मागं वळले आणि हातानंच विचारलं: वाजवत का नाही?

फत्तेसिंहरावांचा अंगठा पांढराफटक पडला होता. "वाजवतोय साहेब," त्यांचे ओठ म्हणाले. "मघापासून वाजवतोय."

ते संजीवनं साहेबांच्या कानात सांगितलं. कोमलनं पाहिलं, आणि तिचा नखं कुरतडणारा हात खाली आला. तिनं जाऊन पुढच्या बाईला सांगितलं, तिनं तिच्या पुढचीला. ओठांवरून ओठांवर ते रांगभर गेलं. कुणी हसलं. मग त्याच बायकांनी एकेक करून मागं वळून पाहिलं, फोर्कलिफ्टकडं, तिच्या पात्याकडं, आणि आपल्या पोटऱ्यांकडं. हसणं थांबलं.

फत्तेसिंहराव खाली उतरून आले. "हिला काढायचं असेल तर मला गाडीवर बसवू नका," ते म्हणाले. "ही एकटीच हात वर करते. बाकीच्या कुणाला कळत नाही मी मागं आहे ते. मी दोन अर्ज दिलेत. आता तिसरा देत नाही, किल्ली देतो." आणि त्यांनी किल्ली खरोखरच पुढं केली. पीयूषभाईंनी ती घेतली नाही. ते संजीवला घेऊन ऑफिसात गेले.

चौदा नंबर त्या दिवशी बंदच राहिलं. नयना बंद लूमसमोर उभी राहिली, सुट्टीपर्यंत आणि सुट्टीनंतरही. पाय सुजले. चपलांचे पट्टे पावलांत रुतले. दुपारी उषा तिच्याजवळ आली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"हॉर्न वाजत होता?"

"हो."

"मला उजव्या कानानंही नाही आला गं."

"लूम चालू असताना कुणालाच येत नाही. तुझा कान किती गेलाय ते कागदावर आहे. मी चाललेय मागायला."

उषा तिथंच उभी राहिली. मग तिनं आपलं लूम बंद केलं. नयना ऑफिसच्या खिडकीशी पोचली तेव्हा मागं उषा होती, कोमल होती, आणखी सहा जणी होत्या. बाकीच्या पंधरा जणींनी मान वर केली नाही. त्यांतल्या दोघीतिघी नंतर आठवडाभर नयनाशी बोलल्या नाहीत, तुझ्यामुळं आमचीही नावं वर आली म्हणून. खिडकीत दीप्ती बसली होती. नऊ नावं ऐकून तिनं आतल्या केबिनकडं पाहिलं, मग नयनाकडं. मग नीट समोर तोंड करून म्हणाली, "ताई, हे मी तुम्हाला फेब्रुवारीतच द्यायला हवे होते." आणि कपाटाची किल्ली काढली.

घरी संपदानं कागद वाचला. एकेक ओळ, आईच्या समोर बसून. दोन्ही कान, किती गेले ते आकड्यांत, आणि खाली डॉक्टरनं लिहिलं होतं: सततच्या मोठ्या आवाजामुळं. कानाला संरक्षण द्यावं. तारीख सतरा फेब्रुवारी.

"म्हणजे त्यांना तीन महिने माहीत होतं," वामन म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो म्हणाला, भेंडीच्या ओळी राहू देत, तू थेट जा. आणि तो तिच्याबरोबर गेटपर्यंत चालत आला. आत यायची त्याला मुभा नव्हती. तो पाळी सुटेपर्यंत कडुनिंबाखाली बसून राहिला, पटेलांचे चार फोन आले तरी.

दुसरा दिवस बंद लूमसमोर गेला. तिसराही. चौथ्या दिवशी सकाळी फोर्कलिफ्टवर नवा निळा दिवा फिरत होता आणि दोन माणसं वाकून गल्लीत पिवळे पट्टे मारत होती. पट्टे वाकडे आले होते. गेटजवळ खोक्यात इअरमफ होते, चोवीस जणींना सोळा. पीयूषभाई एक कागद घेऊन आले. काही झालं तर जबाबदारी माझी, असं त्यावर लिहिलं होतं. नयनानं तो दीप्तीकडून वाचून घेतला आणि सही न करता परत दिला.

"पिवळ्या पट्ट्याबाहेर मी पाय टाकला तर माझी जबाबदारी. पट्ट्याच्या आत गाडी आली तर तुमची. तसं लिहून आणा, सही करते. आणि आठ इअरमफ कमी आहेत."

कागद पुन्हा आला नाही. दहा वाजता संजीवनं मागचा स्विच वर केला.

तीन दिवस उभ्या राहिलेल्या पट्ट्या सैल पडल्या होत्या. नयनानं एकेक ताणून घेतली. सहा तुटल्या, सहा गाठी मारल्या. हिरवं बटण दाबलं. शटल आधी अडखळले, मग फिरायला लागले, आणि पांढरं कापड इंच इंच वर चढू लागलं.

पीयूषभाई अजून तिथंच उभे होते. ते पुढं आले, नीट तिच्या समोर, आणि शब्द तोडत म्हणाले, "हवे खुश, नयनाबेन? आता खूश?"

लाल दिवा लागला. ती तुटक्या टोकाकडं वाकली, ते दोन बोटांत धरलं, आणि मग वर बघून म्हणाली, "खूश नाही, साहेब. कामावर आहे. जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."